फ्लॅगांची व्याख्या आणि व्यवस्था : जीसीसी कंपायलरच्या मूळ संहितेचा ऐतिहासिक परामर्श

१

मनुष्याने लिहिलेल्या प्रोग्रामचे यंत्राला चालविता येईल अशा रूपात भाषांतर करणारा जो प्रोग्राम, त्यास कंपायलर म्हणतात. हे भाषांतर सर्वकाळ एकाच रीतीने व्हावे अशी अपेक्षा नसते. परिणामी प्रोग्राम वेगवान व्हावा की आटोपशीर व्हावा, दोष शोधण्यास उपयोगी पडणारी माहिती त्यात राखावी की गाळावी, संशयास्पद रचनेबद्दल इशारा द्यावा की मौन पाळावे, कोणत्या घडणीच्या यंत्रासाठी हे सर्व करावे, असे शेकडो निर्णय भाषांतरापूर्वी व्हावे लागतात. वापरणारा हे निर्णय कंपायलरला ज्या ओळीने पाचारण करतो त्या ओळीतच, म्हणजे कमांड लाइनवर, आडव्या रेघेने सुरू होणाऱ्या लहान लहान शब्दांनी कळवितो. ह्या शब्दांना फ्लॅग असे नाव रूढ आहे.

फ्लॅग हा बाह्यतः क्षुल्लक विषय वाटतो. परंतु ज्यास शब्दांच्या व्यवहाराचा अभ्यास करावयाचा आहे, त्यास येथे एक दुर्मिळ सामग्री उपलब्ध होते. फ्लॅगांचा समुदाय हा एक शब्दसंग्रहच होय. त्याला रूपसिद्धीचे नियम आहेत, पदक्रम आहे, अनेकार्थी शब्द आहेत, लोप पावलेले शब्द आहेत. आणि नैसर्गिक भाषेत जे कधीच सापडत नाही ते येथे सापडते, ते म्हणजे प्रत्येक शब्द केव्हा व कसा अर्थवान झाला ह्याची लेखी नोंद. कंपायलरची मूळ संहिता, म्हणजे सोर्स कोड, हीच ती नोंद.

प्रस्तुत लेखात जीसीसी ह्या कंपायलरच्या आधारे एका प्रश्नाचा विचार केला आहे : फ्लॅगाचा अर्थ कोठे राहतो? तो जेथे उपयोगात येतो तेथे, की एखाद्या कोशात? ह्या प्रश्नाचे उत्तर गेल्या चार दशकांत बदलत गेले, आणि ते बदलण्यास केवळ नीटनेटकेपणाची आवड कारण झाली नाही. एकाच शब्दाची माहिती चार ठिकाणी लिहिली गेली की ती चारही ठिकाणी सारखी राहत नाही, आणि त्या विसंगतीचे प्रायश्चित्त शेवटी वापरणाऱ्याला घ्यावे लागते.

२

जीसीसीचा विचार करण्यापूर्वी त्याच्या पूर्वसूरींकडे पाहणे अवश्य आहे. युनिक्स ही प्रणाली १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची ह्यांनी आरंभिली. पुढील काही वर्षांत रिची ह्यांनी सी ही भाषा घडविली आणि १९७३ मध्ये युनिक्सचा गाभा त्या भाषेत पुन्हा लिहिला गेला. ह्या परंपरेतील सी कंपायलरचे नाव ‘सीसी’ असे होते. १९७९ च्या सातव्या आवृत्तीतील ‘सीसी’ची संहिता आज अभ्यासकांस उपलब्ध आहे.

‘सीसी’ हा वस्तुतः स्वतः भाषांतर करीत नसे. तो एक मुकादम होता. प्रथम पूर्वसंस्कार करणारा प्रोग्राम, मग भाषांतराचे दोन टप्पे, इच्छा असल्यास सुधारणेचा टप्पा, मग असेम्ब्लर आणि शेवटी लिंकर, अशा क्रमाने तो इतरांना कामास लावीत असे. त्याच्या फ्लॅगांची संख्या सुमारे डझनभर होती आणि बहुतेक प्रत्येक फ्लॅग एका अक्षराचा होता. लहान ‘ओ’ म्हणजे परिणामी फाइलचे नाव, मोठे ‘ओ’ म्हणजे सुधारणेचा टप्पा, ‘सी’ म्हणजे जोडणी न करता थांबणे, ‘एस’ म्हणजे असेम्ब्ली भाषेतील रूप देऊन थांबणे. रोमन लिपीत मोठी व लहान अशी दुहेरी अक्षरे असल्यामुळे उपलब्ध चिन्हांची संख्या दुप्पट होई, आणि ह्या सोयीचा फायदा आरंभापासून घेतला गेला. देवनागरी वाचकास हा भेद मुद्दाम सांगावा लागतो. तेथे तो अर्थभेदक आहे.

ह्या फ्लॅगांची व्याख्या कोठे होती? एकाच फेऱ्यात. ओळीतील शब्द एकामागून एक घ्यावयाचे, आडव्या रेघेने आरंभ होत असल्यास पुढील अक्षर पाहावयाचे, आणि त्या अक्षराप्रमाणे वेगळ्या शाखेत जाऊन एखाद्या चलाचे मूल्य वाढवावयाचे, एवढीच ती व्यवस्था. अर्थ आणि नोंद ही एकाच ठिकाणी असत. त्याच फेऱ्यात एक व्यवहारी दक्षताही आढळते. परिणामी फाइलचे नाव म्हणून कोणी चुकून सी भाषेतील मूळ फाइलचेच नाव दिले, तर ती पुसली जाईल असा इशारा देऊन प्रोग्राम थांबत असे. एका अक्षराच्या फ्लॅगामागे माणसाचे दिवसभराचे काम उभे असते, ही जाणीव तेव्हाही होती.

जो शब्द ‘सीसी’ला ओळखता येत नसे, तो त्रुटी म्हणून नाकारला जात नसे, तो लिंकरकडे धाडला जाई. मुकादमाला न समजलेला शब्द पुढच्या कारागिराला समजेल, असा हा विश्वास होता. ह्या उदार धोरणाचे परिणाम पुढे बराच काळ टिकले. तसेच, ग्रंथालयाचे नाव सांगणारा ‘-एल’ हा फ्लॅग ओळीत कोठे येतो ह्याला महत्त्व होते, कारण लिंकर डावीकडून उजवीकडे वाचीत जाई आणि तोपर्यंत ज्यांची गरज उत्पन्न झाली तेवढेच भाग ग्रंथालयातून उचलीत असे. पुढे पॉसिक्स प्रमाणग्रंथाने आज्ञांच्या रचनेविषयी सर्वसाधारण नियम घालून दिले, तेव्हा कंपायलरच्या ‘-एल’ला त्या नियमांतून सूट द्यावी लागली. रूपाने तो विकल्प आहे, परंतु पदक्रमाच्या दृष्टीने तो फाइलच्या नावासारखा वागतो.

३

रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. त्या प्रकल्पाचा सी कंपायलर, म्हणजे जीसीसी, मार्च १९८७ मध्ये प्रथम लोकांच्या हाती आला. त्याची रचना जुन्या ‘सीसी’प्रमाणेच दुहेरी होती. वापरणारा ज्याला पाचारण करतो तो ड्रायव्हर वेगळा, आणि प्रत्यक्ष भाषांतर करणारा प्रोग्राम वेगळा.

परंतु फ्लॅगांच्या बाबतीत येथे एक मूलभूत फरक पडला. भाषांतरातील सुधारणांचे प्रकार अनेक झाले, आधारावयाच्या यंत्रांचे प्रकार अनेक झाले, आणि एकेका अक्षरात हे सर्व मावेना. तेव्हा कुलांची कल्पना पुढे आली. यंत्रनिरपेक्ष वर्तनाचे सर्व फ्लॅग ‘एफ’ ह्या अक्षराने, यंत्रसापेक्ष फ्लॅग ‘एम’ ह्या अक्षराने, आणि इशाऱ्यांचे फ्लॅग मोठ्या ‘डब्ल्यू’ने सुरू व्हावयाचे, त्यापुढे इंग्रजीतील पूर्ण शब्द. शिवाय निषेधाचा एक नियमित उपसर्ग मिळाला. कुलाक्षरानंतर ‘नो’ जोडला की तोच फ्लॅग उलट अर्थाचा होतो. अशा रीतीने सुट्या अक्षरांच्या यादीतून रूपसिद्धी असलेला शब्दसंग्रह निर्माण झाला. ह्या संक्रमणात जुन्या अर्थांचा लोपही झाला. सातव्या आवृत्तीच्या ‘सीसी’त ‘-एफ’ ह्याचा अर्थ अपूर्णांकी गणिताची यंत्रसामग्री नसलेल्या संगणकासाठी पर्यायी सोय करणे, असा होता; जीसीसीत तेच अक्षर एका विस्तीर्ण कुलाचे नाव बनले.

ड्रायव्हरला ह्या नव्या शब्दांचा अर्थ कळत नसे आणि कळण्याचे कारणही नव्हते. त्याच्या ठिकाणी ‘स्पेक्स’ नावाची एक लहानशी सूत्रभाषा होती. टक्क्याचे चिन्ह आणि महिरपी कंस ह्यांच्या साह्याने तीत असे सांगता येई की, अमुक फ्लॅग दिला असल्यास तो जसाच्या तसा पुढे धाडावा, अमुक दिला नसल्यास तमुक जोडावा, आणि ‘एफ’ने सुरू होणारे सर्व फ्लॅग विचारपूस न करता भाषांतरकाकडे सोपवावे.

खरा अर्थ लावला जाई तो भाषांतरकाच्या संहितेत. तेथे ‘एफ’ कुलासाठी एक तक्ता होता. प्रत्येक ओळीत फ्लॅगाचे नाव, ज्या चलावर परिणाम व्हावयाचा त्याचा पत्ता, आणि त्या चलात ठेवावयाचे मूल्य, अशा तीन बाबी असत. नाव जुळले की मूल्य ठेवावयाचे, ‘नो’सह जुळले की त्याच्या उलट. इशाऱ्यांसाठी असाच दुसरा तक्ता होता. परंतु ज्या फ्लॅगांना साध्या होय-नाहीपेक्षा अधिक काही सांगावयाचे असे, त्यांच्यासाठी एकामागून एक शब्द ताडून पाहणारी लांबलचक साखळी होती. सी, सी प्लस प्लस, ऑब्जेक्टिव्ह सी इत्यादी भाषांच्या फ्लॅगांची परीक्षा त्या त्या भाषेच्या विभागात स्वतंत्रपणे होई. यंत्रविशिष्ट फ्लॅग हे त्या यंत्राच्या शीर्षफाइलीत एका मॅक्रोत लिहिलेले असत. तेथे प्रत्येक नावापुढे एक अंक असे. धन असल्यास त्या अंकाचे बिट एका सामाईक चलात चढवावयाचे, ऋण असल्यास उतरवावयाचे. कोणते बिट कोणाचे हे लेखकाने हातानेच ठरवावयाचे आणि लक्षात ठेवावयाचे.

आता एक नवीन फ्लॅग घालावयाचा झाल्यास काय करावे लागे हे पाहिले म्हणजे अडचण स्पष्ट होते. चलाची घोषणा एका फाइलीत, तक्त्यातील ओळ दुसरीत, साहाय्यार्थ दाखवावयाचे वर्णन तिसऱ्या ठिकाणी, ड्रायव्हरच्या सूत्रात आवश्यक तो बदल चौथ्या ठिकाणी, आणि ह्या सर्वांपासून अलग असा माहितीग्रंथ. प्रत्येक ठिकाणी मनुष्य स्वतंत्रपणे लिहिणार आणि प्रत्येक ठिकाणी विसरण्याची संधी. एका भाषेला लागू असलेला फ्लॅग दुसऱ्या भाषेच्या फाइलीवर दिला गेला तर काय करावयाचे, हेही अशा विखुरलेल्या माहितीवरून ठरविणे कठीण होते. कारण कोणता शब्द कोणाचा, हे सांगणारी एकही पूर्ण यादी संहितेत नव्हती.

४

येथे ‘डब्ल्यू’ कुलाचे उदाहरण थोड्या विस्ताराने पाहणे उपयुक्त ठरेल, कारण कोशाच्या अभावी शब्दांची काय स्थिती होते हे त्यात दिसते.

मोठा ‘डब्ल्यू’ हा जीसीसीत इशाऱ्याचा वाचक आहे. परंतु ‘डब्ल्यू’ला ‘ए’, ‘पी’ किंवा ‘एल’ हे लहान अक्षर व त्यापुढे स्वल्पविराम जोडला, तर इशाऱ्याशी त्याचा काहीही संबंध राहत नाही. पुढील मजकूर अनुक्रमे असेम्ब्लरकडे, पूर्वसंस्कारकाकडे वा लिंकरकडे पोहोचवावा, असा त्याचा अर्थ होतो. हा दुसरा अर्थ युनिक्सच्या अन्य कंपायलरांच्या परंपरेतून आला आहे. दोन भिन्न मुळांतून आलेले दोन शब्द एका रूपात भेटावेत, तसा हा प्रकार आहे. फरक दाखविणारे चिन्ह एकच, आणि ते म्हणजे स्वल्पविराम.

दुसरे उदाहरण ‘-डब्ल्यूऑल’ ह्या प्रसिद्ध फ्लॅगाचे. शब्दशः पाहता ह्याचा अर्थ ‘सर्व इशारे’ असा होतो. प्रत्यक्षात त्याने सर्व इशारे सुरू होत नाहीत. ज्यांच्या उपयुक्ततेविषयी साधारणतः मतभेद नाही आणि जे टाळणे सोपे आहे, तेवढेच होतात. पंकज हा शब्द चिखलात उगवणाऱ्या प्रत्येक वस्तूला लागू होत नाही, तसेच हे आहे. व्याकरणकार ज्याला योगरूढ शब्द म्हणतात त्याचे हे यंत्रयुगातील उदाहरण होय. उर्वरित इशाऱ्यांतील आणखी काहींसाठी जीसीसीत पूर्वी नुसता ‘-डब्ल्यू’ वापरीत. पुढे त्यास ‘-डब्ल्यूएक्स्ट्रा’ हे स्पष्ट नाव मिळाले आणि जुने रूपही मान्य राहिले. ‘ऑल’चा अर्थ मात्र सर्व इशाऱ्यांपर्यंत विस्तारता आला नाही. कारण असंख्य प्रकल्पांच्या बांधणीच्या फाइलींत तो शब्द एका ठराविक अर्थाने लिहिला गेला होता, आणि कित्येक प्रकल्प प्रत्येक इशाऱ्याला त्रुटी मानण्याचा फ्लॅगही त्यासोबत देत. अर्थ एकाएकी रुंदावला असता तर काल बांधले जाणारे प्रोग्राम आज बांधले गेले नसते.

५

२००३ मध्ये ह्या व्यवस्थेत निर्णायक बदल सुरू झाला. नील बूथ ह्यांनी त्या वर्षीच्या मे महिन्यात अशी योजना आणली की, सी कुलातील भाषांचे फ्लॅग एका स्वतंत्र मजकूरफाइलीत नोंदवावे आणि त्या फाइलीवरून सी भाषेतील तक्ते यंत्रानेच तयार करावे. सर्व भाषांना सामाईक असलेल्या फ्लॅगांसाठीही अशीच फाइल झाली. जून २००४ मध्ये केली कुक ह्यांनी तक्ते उत्पन्न करण्याचे काम ‘ऑक’ भाषेतील लहान प्रोग्रामांकडे दिले. त्या प्रोग्रामांच्या शिरोभागी ह्या दोन्ही नावांची नोंद आहे.

ह्या नोंदफाइलींची रचना कोणत्याही कोशकाराला परिचित वाटेल अशी आहे. प्रत्येक नोंद कोऱ्या ओळीने वेगळी केलेली असते. पहिल्या ओळीत आरंभीची आडवी रेघ वगळून फ्लॅगाचे नाव येते. दुसऱ्या ओळीत त्याचे गुणधर्म येतात. तिसऱ्या ओळीपासून वापरणाऱ्यास दाखवावयाचे वर्णन येते. अर्धविरामाने सुरू होणारी ओळ ही संपादकाची टीप समजावयाची. दुसरी ओळ ही व्याकरणविषयक माहितीची जागा होय. फ्लॅग सर्व भाषांना सामाईक आहे की विशिष्ट भाषांचा, त्याला जोडून मूल्य येते की वेगळ्या शब्दाने, ते मूल्य पूर्णांकच असावे काय, ‘नो’चे रूप त्याला चालते की वर्ज्य आहे, तो दुसऱ्या एखाद्या फ्लॅगाचा पर्यायशब्द आहे काय, कोणत्या चलात त्याचे मूल्य ठेवावयाचे आणि ते आरंभी किती असावे, हे सर्व तेथे ठराविक शब्दांनी सांगितले जाते.

ह्या नोंदींवरून तयार होणारा तक्ता वर्णानुक्रमे लावलेला असतो. त्यामुळे वापरणाऱ्याने दिलेला शब्द शोधताना साखळीतील प्रत्येक शब्दाशी ताडून पाहावे लागत नाही; कोश मध्यभागी उघडून पुढे किंवा मागे जावे, त्या द्विभाजन पद्धतीने तो सापडतो. एक फ्लॅग दुसऱ्याचा पूर्वभाग असेल अशा जोड्यांसाठी तक्त्यात मागे नेणारा दुवा ठेवलेला असतो, जेणेकरून लांब शब्द जुळला नाही तर त्याच्या पोटातील आखूड शब्दाचा विचार करता येतो.

२००५ च्या सुमारास यंत्रविशिष्ट फ्लॅगही ह्याच पद्धतीत आणले गेले आणि फेब्रुवारी २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४.१ ह्या आवृत्तीत त्यांचा समावेश झाला. येथे लाभ सर्वांत ठळक होता. बिटांची वाटणी आता लेखकाच्या स्मरणावर अवलंबून राहिली नाही. नोंदीत अमुक नावाचे बिट हवे एवढेच सांगावयाचे. क्रमांक यंत्र देई, आणि बिटे संपली तर बांधणीच थांबवून तसे स्पष्ट सांगे. दोन फ्लॅगांना नकळत एकच बिट मिळून एकाने दुसऱ्याचा अर्थ बदलावा, ही आपत्ती ह्यायोगे टळली.

६

तथापि कोश तयार झाला म्हणजे अर्थाचा प्रश्न सुटला असे नाही. शब्द एकटा असताना त्याचा अर्थ काय, हे कोश सांगतो. अनेक शब्द एका वाक्यात आले आणि परस्परांशी विरोध करू लागले तर कोणाचे चालावे, हे वाक्यमीमांसेचे क्षेत्र होय. फ्लॅगांच्या बाबतीत हा प्रश्न नित्याचा आहे. मोठ्या ‘ओ’ला २ हा अंक जोडला की सुधारणांचे डझनावारी फ्लॅग एकदम सुरू होतात. त्याच ओळीत एखाद्या सुधारणेचा नावाने निषेध केला असेल तर काय व्हावे?

ह्या ठिकाणी जीसीसीने दोन तत्त्वे एकत्र वापरली आहेत आणि ती भारतीय वाचकाला ओळखीची वाटतील. समान योग्यतेच्या दोन फ्लॅगांत विरोध आल्यास नंतर आलेला प्रबळ ठरतो. दोन वेगवेगळ्या पायऱ्यांचे ‘ओ’ दिले तर शेवटचाच मान्य होतो. परंतु एक व्यापक आणि दुसरा विशिष्ट असेल तर ओळीतील स्थानाचा विचार न करता विशिष्ट फ्लॅग प्रबळ ठरतो. पाणिनीय परंपरेत तुल्यबल नियमांच्या विरोधात पुढील नियमाला मान मिळतो आणि अपवाद हा उत्सर्गाला बाधतो, अशी जी विभागणी परंपरेने मानली आहे, तिच्याशी ह्या विभागणीचे साम्य उघड आहे. अर्थात हे साम्य म्हणजे प्रभाव नव्हे. संक्षेपाने बोलू पाहणाऱ्या कोणत्याही नियमव्यवस्थेला हीच दोन साधने शोधावी लागतात, एवढेच त्यावरून म्हणता येईल.

हे तत्त्व सांगणे सोपे, परंतु संहितेत उतरविणे अवघड होते. सुधारणेच्या पायरीपुरता उपाय जुना होता : संपूर्ण ओळ आधी एकदा वाचून ‘ओ’ कोणता आहे हे ठरवावयाचे, त्यानुसार सर्व चलांची मूल्ये मांडावयाची, आणि मग उर्वरित फ्लॅग वाचावयाचे. इशाऱ्यांच्या बाबतीत दुसरी युक्ती होती. चलात आरंभी वजा एक किंवा दोन असे अर्थहीन मूल्य ठेवावयाचे. शेवटी तेच मूल्य शिल्लक असेल तर वापरणाऱ्याने काहीच सांगितले नाही असे समजावयाचे. ही युक्ती चाले, परंतु ज्या ठिकाणी तो संकेत विसरला जाई त्या ठिकाणी न बोललेला शब्द बोलल्यासारखा वागू लागे.

मार्च २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४.६ ह्या आवृत्तीपर्यंत जोसेफ मायर्स ह्यांनी ह्या भागाची पुनर्रचना केली. पूर्वी सुटी असलेली सर्व फ्लॅगचले एका मोठ्या संरचनेत गोळा झाली, आणि त्या संरचनेची एक जुळी प्रत ठेवली गेली. पहिल्या प्रतीत फ्लॅगाचे चालू मूल्य असते. दुसऱ्या प्रतीत ते मूल्य वापरणाऱ्याने स्वतः सांगितले काय, एवढीच नोंद असते. उक्त आणि गृहीत ह्यांतील भेद अशा रीतीने प्रथमच संहितेत स्वतंत्रपणे लिहिला गेला. ‘ओ’ची प्रत्येक पायरी कोणते फ्लॅग सुरू करते हेही सलग विधानांऐवजी एका तक्त्यात आले. जुनी संहिता ज्या नावांनी चलांचा उल्लेख करी ती नावे मॅक्रोंच्या आडोशाने तशीच राहिली. हजारो ठिकाणचा उल्लेख बदलण्याचा प्रसंग त्यामुळे टळला. ड्रायव्हर व भाषांतरक हे दोघेही आता एकाच कोशाचा आधार घेऊ लागले. परिणामी जोडणीच्या वेळी दुहेरी रेघेचे अपरिचित फ्लॅग मुकाट्याने गिळण्याची जुनी सवय सुटली. लिंकरसाठी असलेला शब्द त्याच्या नावेच पाठवावा, असा आग्रह सुरू झाला.

ह्या पुनर्रचनेला आणखी एक कारण होते. २००९ मधील ४.४ ह्या आवृत्तीपासून एकाच फाइलीतील एखाद्या फंक्शनपुरती सुधारणेची पायरी किंवा यंत्राचा प्रकार बदलण्याची मुभा मिळाली होती. म्हणजे फ्लॅग हा आता सबंध भाषांतराचा धर्म न राहता भाषांतराच्या एका भागाचा धर्म होऊ शकत होता. अशा वेळी कोणती मूल्ये जपून ठेवावयाची आणि कोणती पुन्हा स्थापावयाची, हे प्रत्येक नोंदीत लिहिलेले नसेल तर तो व्यवहार अशक्यच होता.

७

कोशात मृत शब्दांनाही स्थान असते. जीसीसीच्या नोंदफाइलींत असे कित्येक फ्लॅग आहेत की ज्यांच्या वर्णनात ते आता काहीच करीत नाहीत, केवळ जुन्या व्यवहाराशी मेळ राखण्यासाठी ठेवले आहेत, असे प्रांजळपणे लिहिलेले असते. ज्या सुधारणेचे ते नाव होते ती सुधारणा संहितेतून केव्हाच गेली; परंतु ते नाव कोठेतरी एखाद्या जुन्या बांधणीच्या फाइलीत अजून लिहिलेले असेल, आणि केवळ त्या नावापायी ती बांधणी मोडू नये, असा हा विचार आहे. शब्द निरर्थक झाल्यावरही त्याचा उच्चार क्षम्य मानणे, ही वापरणाऱ्याविषयीची जबाबदारी होय.

अलीकडील काळात कोशाचा विस्तार दोन दिशांनी झाला. २०१६ च्या सहाव्या आवृत्तीपासून चुकीचा लिहिलेला फ्लॅग आढळल्यास त्याच्या जवळचा बरोबर शब्द सुचविला जातो. सर्व शब्दांची पूर्ण यादी एके ठिकाणी नसती तर ही सोय देता आली नसती. आणि २०२० च्या दहाव्या आवृत्तीत, तोपर्यंत वेगळ्या यादीत राहिलेले सूक्ष्म अंतर्गत परिमाणांचे फ्लॅगही ह्याच नोंदपद्धतीत सामावले गेले. माहितीग्रंथ मात्र अद्याप स्वतंत्रच लिहिला जातो. २०२४ पासून प्रत्येक नोंदीचा माहितीग्रंथातील संबंधित स्थळाशी दुवा जोडण्याची व्यवस्था आहे. तथापि दुवा जोडणे म्हणजे दोन्ही ठिकाणचा आशय एक असल्याची हमी नव्हे.

८

ह्याच प्रश्नाचे दुसरे उत्तर एलएलव्हीएम ह्या प्रकल्पात सापडते. इलिनॉय विद्यापीठात २००० मध्ये विक्रम अडवे व ख्रिस लॅटनर ह्यांनी तो आरंभिला. त्यांपैकी अडवे हे मुंबईच्या आय. आय. टी.चे पदवीधर होत. ह्या प्रकल्पाच्या अंतर्भागात फ्लॅगाची घोषणा तो जेथे वापरला जातो त्याच फाइलीत एका वस्तूच्या रूपाने केली जाते, आणि प्रोग्राम सुरू होताच ती वस्तू स्वतःची नोंद सामाईक यादीत करून घेते. मध्यवर्ती कोश कोणी लिहीत नाही. शब्द स्वतः येऊन हजेरी लावतात. नवीन फ्लॅग घालण्यास ही पद्धत अत्यंत सुलभ आहे. परंतु एकाच नावाची दोनदा नोंद झाली तर प्रोग्राम सुरू होतानाच मोडतो, आणि एका ग्रंथालयाच्या दोन प्रती एकाच प्रोग्रामात आल्या म्हणजे हा प्रसंग खरोखर ओढवतो.

त्याच प्रकल्पातील क्लँग ह्या सी कंपायलरने वापरणाऱ्यासमोरील फ्लॅगांसाठी मात्र मध्यवर्ती नोंदफाइलीचाच मार्ग धरला. त्या फाइलीत एक गट असा आहे की ज्यातील फ्लॅग स्वीकारावयाचे आणि दुर्लक्षावयाचे. ते जीसीसीच्या वापरणाऱ्यांच्या सवयीखातर ठेवले आहेत. म्हणजे एका भाषेतील शब्द दुसऱ्या भाषेने अर्थाविना उसने घेतले. २०२० व २०२१ च्या सुमारास ह्या नोंदींत आणखी भर पडली. ओळीवरून अंतर्गत मूल्य काढण्याप्रमाणेच अंतर्गत मूल्यावरून पुन्हा ओळ रचण्याची रीतही नोंदीवरूनच सिद्ध होऊ लागली.

महाराष्ट्रातील अभ्यासकांना हा विषय अगदीच दूरचा नाही. मुंबईच्या आय. आय. टी.मध्ये उदय खेडकर ह्यांच्या मार्गदर्शनाखाली जीसीसीच्या अंतर्रचनेच्या अध्ययनाचे केंद्र चालविले गेले आणि त्याच्या वतीने ह्या संहितेच्या वाचनाचे शिक्षण देणाऱ्या कार्यशाळाही भरविल्या गेल्या.

९

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, फ्लॅगाची व्याख्या प्रथम उपयोगाच्या जागी होती, मग ती अनेक जागी विखुरली, आणि शेवटी एका नोंदीत आली. हा प्रवास संख्येने घडविला. डझनभर शब्द माणसाच्या ध्यानात राहतात. शेकडो शब्दांना कोश लागतो. दुसरी अशी की, कोशाने शब्दाचे रूप आणि त्याचे व्याकरण निश्चित केले, परंतु त्याचा पूर्ण अर्थ कोशात आला नाही. एखादी सुधारणा सुरू झाल्यावर भाषांतरात नेमके काय घडते, हे आजही त्या सुधारणेच्या संहितेतच पाहावे लागते, आणि वापरणाऱ्यासाठी ते माहितीग्रंथात पुन्हा माणसाने लिहावे लागते. तिसरी आणि अधिक महत्त्वाची गोष्ट म्हणजे उक्त व गृहीत ह्यांतील भेद. वापरणाऱ्याने काय सांगितले आणि यंत्राने स्वतःहून काय मानले, ह्यांची सरमिसळ होऊ न देणे हे ह्या सबंध इतिहासातील सर्वांत कठीण काम ठरले. आणि ज्या दिवशी ह्या दोहोंसाठी दोन वेगळ्या जागा राखल्या गेल्या, त्या दिवसापासून विरोधाचा निर्णय नियमाने करता येऊ लागला.

फ्लॅग हा शब्द वापरणारा आणि तो ऐकणारे यंत्र ह्यांमधील करार असतो. करारातील एक पक्ष आपली संहिता पाहिजे तेव्हा बदलू शकतो. दुसऱ्याच्या हाती त्याने वीस वर्षांपूर्वी लिहिलेली एक ओळच असते. त्या ओळीचा मान राखणे हे काम नोंदफाइलीतील त्या निरुपयोगी दिसणाऱ्या जुन्या नोंदी आजही करीत आहेत.